चुंबळीतला जांब

गया,

प्रज्ञानं शंभर पानी वही आणून दिली आहे. म्हणली, "आजोबा, रविवारच्या पुस्तिकेत तुमचं एक पान पाहिजे. आजीबद्दल. नवं काही नको, तुम्ही नेहमी सांगता ती बागेची गोष्टच लिहा." पुस्तिका म्हणजे तुझ्या जलदानाच्या कार्यक्रमाला वाटायची. पहिल्या पानावर तुझा फोटो आहे, आणि त्याखाली आपल्या आनंदनं लिहून घेतलंय, 'ताठ मानेनं जगलेली माउली'. तेवढं पान छापूनही आलं.

मी तिसरीपर्यंत शिकलेला गवंडी माणूस. ओळंबा सोडून भिंत सरळ आणता येते, वहीतली ओळ येत नाही. पण अडलंय ते त्याच्यानं नाही. तू आधी मेली असतीस, म्हणजे त्या सहलीच्या आधी, तर ती गोष्ट मी एका बैठकीत लिहून दिली असती. आता लिहिता येत नाही. आणि न लिहावी तर सगळे विचारतील, बाबा का गप बसले. ह्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, जाळी लावलेल्या गॅलरीत, दोन दिवस वही मांडीवर घेऊन बसलोय. गुडघे जिना उतरू देत नाहीत आणि घरात जांबाचा वास आहे. तू आणलेल्या टोपलीतला शेवटचा एक राहिलाय. सूनबाई म्हणती टाकून देते. मी टाकू देत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट सांगतो, रोज सांगत होतो तशीच.

पंचेचाळीस वर्षांमागं आपण गावात होतो. गावाबाहेर एकाची जांबाची बाग होती. लातूरच्या पोरींना पेरू म्हटल्यावर कळतं, आपल्याकडं जांब. तू तिथं मजुरीला जायचीस. आपल्या वस्तीतल्या चौघी आणि गावातल्या सहा बाया. एका संध्याकाळी मुकादमानं फाटकात उभं राहून म्हटलं, ओचा झाडा, पदर झाडा. सहाजणींना नाही, तुम्हा चौघींनाच. बाकीच्या तिघी रडल्या. तू ओचा झाडलास, पदर झाडलास, पाटी खाली घेऊन उपडी करून दाखवलीस, परत डोक्यावर घेतलीस आणि मान वर करून, इकडं न तिकडं बघता, फाटकातून बाहेर आलीस. मी समोरच्या रस्त्यावर उभा होतो. ओळंबा सोडावा तशी तुझी मान होती. दुसऱ्या दिवशी पारावर जाऊन मी चारचौघांत सांगितलं, माझ्या बायकोच्या पदरात काही सापडलं न्हाई, आम्ही पंचशील म्हणणारी माणसं, न दिलेलं घेत न्हाई. इथून पुढं परक्याच्या बागेत पाय ठेवणार न्हाई, परक्याच्या बागेतलं फळ तोंडात घालणार न्हाई. आणि गाव सोडून तुला लातूरला आणलं.

ही ती गोष्ट. किती वेळा सांगितली? आनंदच्या नोकरीच्या पेढ्यांच्या दिवशी सांगितली. त्याच्या लग्नात मांडवात सांगितली. विहारात वंदना झाल्यावर कोणी नवं माणूस दिसलं की सांगितली. बांधकामावर तू डोक्यावरच्या फडक्याच्या चुंबळीवर मालाचं घमेलं घेऊन शिडी चढायचीस, तेव्हा नव्या मजुरांना म्हणायचो, मान बघा हिची. तू काही बोलायची नाहीस. मी म्हणायचो, बघा, स्वतःची तारीफ ऐकवत न्हाई तिला.

मग प्रज्ञानं सहल काढली. नांदेडहून सुट्टीला आली ती मोटार घेऊनच. चाकूरच्या पुढं एकानं बाग केलीय म्हणे, आपल्या हातानं तोडायचं, आपल्या हातानं खायचं, आणि शेजारीच कॅफे आहे, तिथं बसायचं. मी सरळ नाही म्हटलं.

"परक्याच्या बागेत जांब तोडायला जायाचं? आन् तेबी हौसेनं?"

तू चपला घालत होतीस. म्हणालीस, "हाव. हौसेनं. मजुरीनं लई तोडले."

मोटारीत पोरीनं मला पुढं बसवलं आणि पट्ट्यानं बांधलं. खटका कुठं आहे ते मला दिसेना. मी धडपड करून राहिलो, तर तू मागून म्हणालीस, "आवळून बांध गं बाई. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माणूस एका जागी बसलंय." दोघी हसल्या. मीही हसलो, पण तोंड खिडकीकडं करून.

फाटकावर पाटी होती, 'पेरू तोडा, पेरू खा'. तू ती अक्षरं जुळवून वाचलीस आणि तिथल्या पोरीला म्हणालीस, "पेरू काय म्हणता गं, जांब म्हणा की." ती पोरगी बागवाल्याचीच, वीस-बावीसची, लई गोड. म्हणली, "आजी, तुम्ही जांब म्हणा. आत खाल तेवढं खा, कोणी काही म्हणत नाही. बाहेर न्यायचं असलं तर टोपलीत घाला."

तू तिला तीन वेळा विचारलंस. "हितंच खायाचा? झाडाखाली उभं राहून? कोणी काही म्हणनार न्हाई?"

"नाही हो आजी."

मी आत आलो, पण बाकावर बसलो. तोडणार नाही, खाणार नाही, शब्द म्हणजे शब्द. तिथून तू दिसत होतीस. शहरातली माणसं फांद्या ओढत होती, पानं ओरबाडत होती. तू फळाखाली तळवा धरायचीस आणि मनगट जरासं फिरवायचीस. देठ टच्‌कन तुटायचा, फांदीला कळायचंसुद्धा नाही. पोरगी म्हणली, "आजी, तुम्हाला तर येतं!" तू म्हणालीस, "हात इसरत न्हाईत, बाई." मग तू एक जांब पदरानं पुसलास आणि बागेच्या अगदी मधोमध उभी राहून, कोणाच्या आडोशाला न जाता, कचकचीत चावा घेतलास. डोळे मिटून खात होतीस. मला बाकावरून आवाज आला त्याचा. एवढा आवाज करून तुला काही खाताना मी कधी बघितलं नव्हतं.

तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

निघताना फाटकात ती पोरगी तुला म्हणली, "आजी, टोपली द्या. आणि पिशवी बघू जरा."

गया, मला बाकीचं ऐकूच आलं नाही. 'पिशवी बघू' एवढंच. मी ओरडलो, "तिच्या पिशवीला हात लावायचा न्हाई!" पोरगी दचकली. प्रज्ञा माझा हात धरून, आजोबा, आजोबा करत राहिली. दहा-वीस माणसं जमली, आणि त्यांच्यापुढं मी ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मुकादम, ओचा, पाटी, मान. एकानं मोबाईल वर धरला. संपल्यावर दोन-चारजणांनी टाळ्या वाजवल्या. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणली, "बाबा, टोपली भरली म्हणून उरलेले पिशवीत घालून देत होते. जागा आहे का, तेवढं बघायचं होतं."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी तुझ्याकडं बघितलं. तू चपलेकडं बघत होतीस.

कॅफेत जाऊ नये असं माझं मत होतं. तू म्हणालीस, "मी बसनार हाय. तुम्ही मोटारीत बसा." मग आलो. पत्र्याचं छत, दोरीनं टांगलेल्या खुर्च्या, आणि भिंत नुसती विटांची, उघडी. मी म्हटलं, "गिलावा करायचा राहिला का पैसे संपले?" प्रज्ञा म्हणली, तशीच ठेवतात आजोबा, शोभेसाठी. भिंत ओळंब्यात होती, ते खरं. कोणा चांगल्या माणसाच्या हातची होती. कॉफी आली, वर फेस, फेसावर पानाची नक्षी. तू म्हणालीस, "हे प्यायाचं का भांडी घासायचं?" आणि प्यालीस. मिशी आली तुला पांढरी. प्रज्ञानं फोटो काढला. पुस्तिकेत तोच फोटो टाका म्हणून मी म्हणणार होतो, राहिलं.

प्रज्ञा काहीतरी खायचं सांगायला काउंटरकडं गेली. तू ओठ पुसलास आणि म्हणालीस, "ती गोष्ट आता बंद करा."

"का?"

"त्या दिवशी माझ्यापाशी जांब व्हता."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, "पाटी तर उपडी केलीस."

"चुंबळीत व्हता. लिंबाएवढा. फडक्याच्या पिळात गुंडाळला व्हता. पाटी खाली घेतली, चुंबळ डोक्यावरच राह्यली. तिला कोण हात लावतंय?" जराशानं म्हणालीस, "मान हालली असती तर चुंबळ गेली असती, आन् जांब घरंगळत मुकादमाच्या पायापाशी. म्हून मान वर. तुम्ही त्याचं गानं केलं."

मी म्हटलं, "खोटं बोलून राहिलीस."

"आनंद पोटात व्हता. आठ दिस निस्ता वास घेत व्हते."

"आपन पंचशील म्हणनारी मानसं, गया. न दिलेलं घ्यायचं न्हाई."

"झाडानं दिला की. दोन उन्हाळे त्येच्या बुडाला घागरीनं पानी मी घातलं. मुकादमानं घातलं का?"

तुझा आवाज चढला नव्हता. माझाच चढला. "मंग इतकी वर्षं बोलली का न्हाईस?"

"कधी बोलू? तुम्हीच बोलत व्हतात. मी खाली बघावं तर तुम्ही म्हणायचात, बघा कशी गरीब हाय. वर बघावं तर गोष्ट खरी व्हायची. तुमच्या गोष्टीत मला मान हालवायला जागाच न्हवती." मग कॉफीचा पेला बाजूला सारून तू म्हणालीस, "आन् आयका. अर्धा मी खाल्ला. आन् अर्धा..."

मी उठलो. तुझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मोटारीत जाऊन बसलो, आणि ज्या पट्ट्याचा खटका मला सापडत नव्हता तो माझा मी लावून घेतला.

नऊ दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. घरात सगळ्यांना वाटलं, फाटकातल्या तमाशामुळं म्हातारा लाजला. तू रोज दुपारी एक जांब चिरायचीस, मीठ-तिखट लावून बशी माझ्यापुढं ठेवायचीस आणि समोर बसायचीस. मी भिंतीकडं बघायचो. तास-दीड तासानं फोडी काळ्या पडायच्या, तू बशी उचलायचीस. हट्टाला तू माझ्यापेक्षा कमी नव्हतीस, हे कोणी पुस्तिकेत लिहिणार नाही म्हणून मी लिहितो. नवव्या दिवशी बशी उचलताना तू म्हणालीस, "दोन राह्यलेत." मला वाटलं, दोन दिवस आहेत. तोवर बोलू.

दहाव्या दिवशी सकाळी तू उठली नाहीस. डाक्टर म्हणाला, झोपेतच गेल्या, काही त्रास झाला नाही. माणसं येत राहिली, बसत राहिली. एकजण नाक वर करून म्हणला, पेरूचा वास येतोय का? त्या धांदलीत एक जांब कोणीतरी पोराला दिला. एक राहिला.

आता तुझं ते अर्धं वाक्य. ते मला पुरं केलं पाहिजे, कारण तू आता करणार नाहीस.

त्या दिवशी दिवेलागणीला मी चुलीपाशी बसून फणफणत होतो. मुकादमाला शिव्या घालत होतो. तू भाकरी थापत होतीस. मध्येच तू माझ्या हातावर अर्धा जांब ठेवलास, मीठ लावलेला. मी बोलता बोलता खाल्ला. आणि म्हटलं, "गोड हाय."

ह्याच्यापुढचं मी कधी कोणाला सांगितलं नाही. तुलासुद्धा नाही. चुलीच्या उजेडात तो जांब आतून लाल होता. आपल्या गावात घरोघरी जांबाची झाडं होती, सगळी आतून पांढरी. आतून लाल निघायचा तो त्या एकाच बागेतला. पहिल्याच घासाला मला कळलं होतं, गया. कळलं, आणि मी तो पुरा खाल्ला, देठासकट. आणि तोंडात ती चव असतानाच म्हणालो, आपण न दिलेलं खात न्हाई.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी पारावर गेलो. कोणी विचारायच्या आत सांगून मोकळा झालो. लोकांना वाटलं, भला इज्जतीचा माणूस, इज्जतीसाठी गाव सोडलं. मी भ्यालो होतो. एकदा मोठ्यानं सांगितलं की दुसऱ्यांदा आणखी मोठ्यानं सांगावं लागतं, नाहीतर पहिलं खोटं ठरतं. भिंत एका थराला चुकली की वरचा प्रत्येक थर त्याच चुकीवर बसवावा लागतो. मी पंचेचाळीस वर्षं थर चढवले, आणि आत तू होतीस. दार ठेवायचं मी विसरलो.

तुझं दुसरं शील, न दिलेलं न घ्यायचं, मोडलं म्हणून मी नऊ दिवस तोंड फिरवून बसलो. चौथं, खोटं न बोलायचं, मी वंदना झाल्याबरोबर विहाराच्या पायरीवर उभा राहून मोडत होतो. तू खाली बसून ऐकत होतीस.

मला एक कळत नाही. मला ठाऊक आहे, हे तुला ठाऊक होतं का? बशीत फोडी ठेवून तू समोर बसायचीस ती कशाची वाट बघत? मी चिडणं सोडावं म्हणून, का मी म्हणावं म्हणून, की अर्धा मी खाल्ला? मला वाटतं, ठाऊक होतं. तू नुसतं एवढंच म्हणत होतीस, की तुम्हीबी बाहेर या. मी नाही आलो.

मघाशी प्रज्ञा आली. वही तिच्या हातात दिली. तिनं गॅलरीत उभं राहून वाचलं. मग म्हणली, "आजोबा, हे छापायचं? लोक आजीला काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"चोर म्हणतील."

म्हटलं, "म्हणू दे. मंग मी उभा राहून सांगीन, पानी कोणी घातलं व्हतं. आन् अर्धा कोणी खाल्ला व्हता."

ती म्हणली, "बाबांनी ते 'ताठ मानेनं' छापून घेतलंय, त्याचं काय?"

"राहू दे. मान ताठच व्हती. मी कारण चुकीचं सांगितलं."

तिला हसू आलं आणि रडूही. तुझी नात आहे. आनंदला अजून सांगायचंय. तो माझ्यासारखा आहे, चिडेल. नऊ दिवस नको चिडायला एवढंच.

शेवटचा जांब मी आत्ता चिरला. पार पिकलाय, सुरी लावायची गरज नव्हती. हा आतून पांढरा निघाला. मीठ लावलं, जरा जास्तच पडलं. परक्याच्या बागेतला आहे, पण तुझ्या हातानं तोडलेला आहे. खातोय. गोड आहे, गया. ह्या वेळी ठाऊक असून म्हणतोय.

रविवारी माणसं जमतील, तुझ्या फोटोपुढं मेणबत्त्या लावतील, आणि कोणीतरी म्हणेल, बाबा, ती गोष्ट सांगा. मी उठेन. कोणाचा तरी हात धरून उठावं लागेल, ते सोड. ह्या वेळी चुंबळीपासून सुरू करीन.

तू आता ती पाटी खाली ठेव. मान हलव इकडं तिकडं, लई वर्षं अवघडलीय. काही पडलं तर मी हाय खाली.